सोळा पानांत न मावलेलं वाक्य

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आजच्या वर्तमानपत्रात पुन्हा माझी चेष्टा. नाव नाही अर्थात — माझं नाव कुठेच नसतं. 'वाचा आणि हसा' असलं एक सदर आहे. त्यात आमचा बेचाळिसावा इशारा छापलाय: 'हे भांडं हेल्मेट म्हणून डोक्यावर घालू नये.' खाली शेरा — असलं लिहायला माणूस ठेवतात आणि त्याला पगारही देतात!

देतात. तेवीस वर्षं देताहेत. थँक्सगिव्हिंगच्या सणाला अंगणात अख्खा टर्की पक्षी तळायची भांडी आमची कंपनी करते, आणि भांड्याबरोबरची पुस्तिका मी लिहिते. काय करावं याच्या अकरा पायऱ्या, काय करू नये याचे त्रेचाळीस इशारे. लोकांना वाटतं, आम्ही त्यांना मूर्ख समजतो. आम्ही काहीच समजत नाही. प्रत्येक इशाऱ्यामागे एक खराखुरा माणूस आहे, त्याचा एक वकील आहे आणि आमच्या कपाटात त्याची एक फाइल आहे. 'न्हाणीघरात वापरू नये' — मिशिगनचे एक गृहस्थ. बाहेर पाऊस होता म्हणून टबात शेगडी मांडून बसले. 'गोठलेली टर्की तेलात सोडू नये' — हे तर दर नोव्हेंबरला कुणीतरी स्वतःचं छप्पर जाळून सिद्ध करतं. हेल्मेटवाला कॉलेजातला होता. भांडं कानांवर अडकलं, अग्निशामक दलानं कापून काढलं. बापानं आमच्यावर दावा लावला. म्हणून बेचाळीस.

वाचत कुणीच नाही. वाचतात ते वर्तमानपत्रात, हसायला.

दुपारी ड्वेन दारात येऊन उभा राहिला. मालक आहे, पण आत येऊन बसत नाही. हातात कागद. "केंटकीचं प्रकरण. बारा नोव्हेंबरला तुझी जबानी आहे, लोर्ना."

"पुन्हा गोठलेली टर्की?"

"कोण जाणे. तू फक्त सांग, पुस्तिकेत सगळं लिहिलंय म्हणून."

सगळं लिहिलेलंच असतं. पालथ्या घड्यावर पाणी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कोल्बी आला होता, कंपनीचा वकील. फाइल उघडून गोष्ट सांगितली. माणसाचं नाव लायल प्रुइट. स्कूलबस तपासणारा मेकॅनिक. गेल्या थँक्सगिव्हिंगला घरामागे टर्की तळत होता. तेल तापत असताना एकदम उसळलं, भांड्याबाहेर आलं, पेटलं. त्याचे हात भाजले. खरा भाजला तो सासरा. तीन-चार पावलांवर खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी. दोन्ही पाय गेले म्हणायचे — आहेत, पण चालता येत नाही. बायको वडिलांना घेऊन भावाकडे गेली, ती परत आलीच नाही.

बायकोचं म्हणणं फाइलीत आहे. 'लायलला सगळ्याची घाई. त्यानं वाचलं नसणार.' लायलचं म्हणणं, वाचलं होतं.

कोल्बी म्हणाला, "ज्याच्यावर बायकोचा विश्वास नाही, त्याच्यावर ज्यूरीचा कुठून बसणार?"

मी हसले. नोंद करून ठेवते.

२८ ऑक्टोबर

'त्यानं वाचलं नसणार' हे वाक्य कोल्बीला फारच आवडलंय. फोनवर दोनदा म्हणून दाखवलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

जबानीआधी पुस्तिका नजरेखालून घालावी म्हणून घेऊन बसले. चार वर्षांत मीसुद्धा ती उघडली नव्हती. इशारे तोंडपाठ आहेत, पायऱ्या नाहीत.

तिसरी पायरी, पान सहा. तेल किती घालायचं ते ठरवायची. टर्की रिकाम्या भांड्यात ठेवायची, बुडेपर्यंत पाणी ओतायचं, टर्की काढायची, पाणी जिथवर उरलं तिथे खूण करायची. तेल तेवढंच. इकडे सगळे असंच करतात, आया मुलांना शिकवतात. पुढे छापलंय: 'पाणी ओतून टाका. भांडं पुसून कोरडं करा. खुणेपर्यंत तेल घाला.'

मधलं वाक्य कुठे गेलं?

'तळाचा नळ उघडून त्यातलं पाणी पूर्ण काढा.' आमच्या भांड्याला खाली नळ आहे, नंतर तेल काढायला. नळ बंद असला की त्याच्या नळीत वाटीभर पाणी अडकून राहतं. भांडं पालथं करा, फडक्यानं पुसा, ते पाणी हलत नाही. वर तेल तापलं की त्याची वाफ होते आणि सगळं तेल वर फेकते. हे वरून बघून कुणालाही कळणार नाही. माझ्या त्रेचाळीस इशाऱ्यांतले चाळीस शेंबड्या पोरालाही कळतात. हे एक कळत नाही, आणि नेमकं हेच नाही.

ड्रॉवर उपसला. जुनी पुस्तिका सापडली. तिच्यात आहे, पान सहा.

मग सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी चार नवे इशारे एकदम आले, हेल्मेटसकट. आमची पुस्तिका म्हणजे एक मोठा कागद, घडी घातली की सोळा पानं. ड्वेन म्हणाला, दुसरा कागद लावायचा नाही. कोल्बी म्हणाला, "इशारा एकही काढायचा नाही, प्रत्येकामागे दावा आहे. पायऱ्यांतलं काहीतरी काढ."

मी विचारलं, "नळाचं?"

"नळावरून कुणी दावा लावलाय?"

"नाही."

"कुणी भाजलंय?"

"अजून नाही."

"मग काढ."

काढलं. माझ्या हातानं, निळ्या पेन्सिलीनं. पुढच्या छपाईत परत घालू म्हटलं. पुढची छपाई आली तेव्हा मला दात काढायचा होता, मी दोन दिवस घरी होते, आणि विसरले. इतकं साधं आहे ते. हेल्मेटला जागा करून द्यायला मी नळ काढला.

४ नोव्हेंबर

दोघांना एकत्र बसवून सांगितलं. कोल्बीनं पेन खाली ठेवलं. "हे मी ऐकलेलं नाही. आणि जुने कागद तीन वर्षांनी नष्ट करायचे, असा कंपनीचा नियम आहे."

"माझ्या ड्रॉवरमध्ये एक प्रत आहे."

"ड्रॉवर कंपनीचा आहे."

मी उठले, पुस्तिका पर्समध्ये घातली आणि परत येऊन बसले. पर्स माझी आहे.

तो बराच वेळ मऊ आवाजात बोलला. खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारलं तेवढंच सांग. त्यांच्या वकिलीणबाईंना नळाचं सुचलेलं नाही, त्या भांड्याच्या पायांमागे लागल्यात, तिवई कलंडते का म्हणून. त्यांना त्यांच्या वाटेनं जाऊ दे.

ड्वेननं मान वर केली नाही. म्हणाला, "या गेटातून रोज सव्वाशे माणसं आत येतात, लोर्ना. त्यातली तू एक."

निवृत्तीला तीन वर्षं. या गावात दुसरा कारखाना नाही. भीती वाटते. इथे खोटं कशाला लिहू?

१२ नोव्हेंबर, बुधवार

जबानी झाली. कोर्टात नव्हे, खटल्याआधी वकिलांसमोर, शपथेवर: सिनसिनाटीतल्या एका हॉटेलातली खोली, मधे लांब टेबल, टंकलेखिका एका टोकाला. प्रुइट स्वतः आला होता. वाटला होता त्यापेक्षा लहान चणीचा, केस पाणी लावून बसवलेले, अंगात लग्नाकार्याचा कोट. हात टेबलावर होते. बोटं पूर्ण मिटत नाहीत. पाण्याचा ग्लास त्यानं दोन्ही तळव्यांत धरून उचलला.

त्याची वकील मिस ॲबरनाथी, तिशीची असेल. दोन तास तिवईचे पाय. मग तिनं त्याची पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. एक कोपरा जळालेला. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची टिक. प्रत्येक इशाऱ्यापुढे टिक. बसगाड्या तपासताना त्यांना तशी सवयच असते म्हणे — एकेक ओळ वाचायची, करायची, टिक मारायची. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. बेचाळिसाव्यापुढेसुद्धा! हा माणूस तेल तापायच्या आधी अंगणात उभा राहून वाचतोय, भांडं डोक्यावर घालू नये, आणि विचार करून टिक मारतोय. नाही घातलं.

तेवीस वर्षांत पहिला वाचक भेटला.

मिस ॲबरनाथी म्हणाली, "काळजी घेणारा माणूस ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. लिहिलंय ते सगळं करतो. तो सुरक्षित राहील का?"

कोल्बीनं खुर्चीत हालचाल केली. माझ्या पर्समध्ये ती जुनी पुस्तिका होती, पायाशी.

मी म्हणाले, "हो."

टंकलेखिकेची दोन बोटं हलली. झालं.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. टोपी हातात. "मॅडम, रागावू नका. एकच विचारायचंय. माझं चुकलं कुठे? टिक मारत मारत गेलो मी. कुठली ओळ सुटली तेवढं सांगा. वांडाला, माझ्या बायकोला, सांगता येईल. तिला वाटतं, मी तिच्या बापाला निष्काळजीपणानं भाजलं. चूक कळली तर निदान चूक झाली असं तरी म्हणता येईल."

कोल्बी आला आणि माझं कोपर धरून मला घेऊन गेला. मी गेले. त्यानं ओढलं नव्हतं, नुसतं धरलं होतं.

१३ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

त्या प्रुइटचा राग येतो. इतकं नीट वाचायला कुणी सांगितलं होतं? बाकीचे वाचत नाहीत, भाजतात, शिव्या देतात, मी एक इशारा वाढवते, सगळं सुरळीत चालतं. हा एक निघाला.

वड्याचं तेल वांग्यावर. कळतंय मला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जबानीची टाइप केलेली प्रत आली, सहीसाठी. सोबत दुरुस्तीचा कागद. त्यावर रकाने: पान, ओळ, काय छापलंय, काय हवं, कारण. तीस दिवसांत भरून परत पाठवायचा. जन्मभर दुसऱ्यांचे कागद दुरुस्त करत आले, हा पहिल्यांदाच माझ्या बोलण्याचा.

कोल्बीचा फोन: "नावांची स्पेलिंगं बघ, सही कर, पाठव. बाकी काही करायचं नसतं."

पान एकसष्ट, ओळ चौदा. 'हो.' एकटंच आहे ओळीत. भोवती केवढी कोरी जागा.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

नेलकडे गेले, दरवर्षीसारखी. बहिणीच्या हातचं रताळं मला आवडतं आणि बहिणीचा नवरा आवडत नाही. क्लेचा दरवर्षीचा एक खेळ असतो. अंगणात शेगडी पेटवायच्या आधी आमची पुस्तिका हातात घेऊन, चर्चमधल्या पाद्र्याच्या आवाजात माझे इशारे वाचतो. पाहुणे बिअर घेऊन भोवती उभे.

"झोपेत असताना वापरू नये!" हशा. "पोहण्याच्या तलावात वापरू नये! लोर्ना, कुणी केलं हे? खरं सांग. तुझ्या माजी नवऱ्यानं?" आणखी हशा. मीही हसले. हसायची सवय आहे.

मग माझं लक्ष जमिनीकडे गेलं. टेबलाच्या पायाशी बादलीभर पाणी सांडलेलं. भांड्यावर आत खडूची खूण. नवं भांडं — मीच कामगारांच्या सवलतीत आणून दिलेलं. क्ले तेलाचा डबा तिरपा करत होता.

"क्ले, नळ उघडलास?"

"कुठला नळ?"

"पाणी काढल्यावर. खालचा नळ."

"भांडं पालथं केलं मी. पुसलं. लिहिलंय तसं." पुस्तिका माझ्यापुढे नाचवली. "तिसरी पायरी. वाच की, तूच लिहिलंस."

मी खाली बसले आणि नळ फिरवला. पाणी आलं. आधी थेंब थेंब, मग चांगली धार, माझ्या बुटावर. बघणाऱ्यांना त्यात काय दिसणार? कुणीतरी म्हणालं, भांडं गळतंय वाटतं. क्ले म्हणाला, "आता चव्वेचाळिसावा इशारा — मेव्हणीला भांड्याजवळ येऊ देऊ नये." सगळे हसले. नेल हसत नव्हती. तिची नात दोन पावलांवर उभी होती, तेल ओतताना बघायला.

मला उलटी झाली. घरात जाऊन, बेसिनमध्ये. सगळ्यांना वाटलं बिअर.

टर्की उत्तम झाली होती म्हणे.

१ डिसेंबर, सोमवार

कागद भरला. पान ६१, ओळ १४. छापलंय: हो. हवं: नाही. कारण: हा रकाना बोटभर लांबीचा आहे. त्यात मावलं नाही म्हणून वेगळी दोन पानं जोडली, आणि जुनी पुस्तिका. निळ्या पेन्सिलीसकट सगळं लिहिलं. कोल्बी काय म्हणाला, मी काय म्हणाले. दात काढायचा होता हेही लिहिलं, मग ते खोडलं. सबब वाटत होती.

पोस्टात स्वतः जाऊन दिला. पावती घेतली. आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

४ डिसेंबर, गुरुवार

ड्वेननं बोलावलं. मी पेटीत माझा कप, शब्दकोश आणि नेलचा फोटो भरून ठेवला होता.

"बस," म्हणाला. तोच आज आधी बसला होता. "तुझा कागद मिळाला सगळ्यांना. त्याचा उपयोग नाही. प्रकरण सव्वीसलाच मिटलं, सणाच्या आदल्या दिवशी. प्रुइटनं सही केली."

"काय म्हणून?"

"दवाखान्याचं भागेल एवढं घेऊन. तुझी जबानी वाचून त्याच्या वकिलीणबाईंनीच सांगितलं त्याला, पुढे जाऊ नको म्हणून. कंपनीचा दोष नाही, असं लिहून दिलंय त्यानं. कुणी कुणाशी बोलायचं नाही, असंही. त्या कुणीत तू येतेस."

माझी जबानी वाचून.

मी विचारलं, मला काढताय का? तर नाही. काढलं तर मी बोलेन, असं कोल्बीचं मत. राहिले तर बोलणार नाही. माणूस ओळखतो कोल्बी.

"मग निदान ते वाक्य परत घालू द्या. तिसरी पायरी."

"आत्ता घातलं तर मधे नव्हतं हे कबूल केल्यासारखं होतं. नवं मॉडेल येईल तेव्हा बघू." त्यानं एक चिठ्ठी पुढे सरकवली. कोल्बीचं अक्षर. "हा तेवढा पुढच्या छपाईत घे. चव्वेचाळीस."

'भांड्याजवळ वृद्ध व्यक्तींना खुर्चीत बसवू नये.'

वर्तमानपत्रवाल्यांना किती आवडेल हा! म्हणतील, काय पण मूर्ख लोक असतात, म्हाताऱ्यांना तळायला बसवतात.

चिठ्ठी तिथेच टेबलावर ठेवली. पेटी घेऊन घरी आले. काढलेलं नाही, तरी आले.

७ डिसेंबर, रविवार

प्रुइटला फोन केला. नळ, वाटीभर पाणी, पान सहा, निळी पेन्सिल — सांगितलं सगळं. कोर्टाचं संपलंय, तुम्हाला आता याचा फायदा नाही, हेही. शिव्या खायची तयारी होती.

तो म्हणाला, "म्हणजे माझी ओळ सुटली नव्हती."

"नाही."

"मॅडम, वांडाचा नंबर देतो. हे तिला असंच सांगाल? माझं ती ऐकून घेत नाही."

लिहून घेतला आणि लगेच लावला, धीर सुटायच्या आत. पलीकडे खूप वेळ वाजत राहिला. मग चाकांचा आवाज, काहीतरी धडकल्याचा, आणि एका म्हाताऱ्याचा दमलेला आवाज. वांडा चर्चला गेलीय, मी तिचा बाप. कोण बोलतंय?

मी नाव सांगितलं. म्हटलं, तुमच्याशीच बोलायचंय.